हितसंबंध जाहीर करा, मगच मत द्या

‘सरपंचांनी मेहुण्याला काम दिले.’ स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या कितीतरी तक्रारी या एका वाक्याने सुरू होतात आणि त्याच वाक्यापाशी अडकून पडतात. सिमेंट रस्त्याचे बिल ज्या फर्मच्या नावाने निघाले ती खरी कोणाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. कचरा उचलण्याच्या ठेक्यामागे कोणते नगरसेवक आहेत, याची शहरात उघड चर्चा असते. पण जिल्हाधिकाऱ्यांसमोर विवाद अर्जाची सुनावणी सुरू झाली की ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ याला कवडीची किंमत राहत नाही. अर्ज फेटाळला जातो, सदस्य गुलाल उधळत गावात परततो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणी तो विषय काढत नाही.

याला दोन कारणे आहेत. चौकशी करणारे चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात, हे पहिले. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण कायद्यात आहे. आपला कायदा लपवलेल्या हितसंबंधाला थेट पद घालवण्याची शिक्षा देतो, पण तो हितसंबंध आधी जाहीर करण्याची साधी, रोजची, नोंदवहीतली सक्ती करत नाही. जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे लपवणे हा वेगळा दोष ठरत नाही, आणि सगळा भार पुरावा गोळा करणाऱ्या नागरिकावर येतो.

आधी कायदा नेमका काय सिद्ध करायला सांगतो ते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१)(ग) नुसार, पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीकडील नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे, ती व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही आणि सदस्य असेल तर राहू शकत नाही. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमात कलम १६ आणि महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमात कलम १० जवळपास हेच सांगते. ग्रामपंचायत सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात.

या तरतुदीत ‘भागीदार’ आहे. पत्नी नाही, मुलगा नाही, भाऊ नाही. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात ते बसतात का, हा वाद जुना आहे. गुलाम यासीन खान विरुद्ध साहेबराव वालस्कर या १९६० च्या दशकातल्या खटल्यात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्यातील अशाच शब्दांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ नाते आहे एवढ्यावरून हितसंबंध आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. मुलगा पालिकेत नोकरीला आहे म्हणून बाप अपात्र होत नाही. आर्थिक धागा दाखवावा लागतो. आजही सदस्याच्या बाजूचा वकील हेच सूत्र पुढे करतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर असते.

गोव्यात चित्र वेगळे दिसते. तिथल्या एका महिला पंचायत सदस्याच्या पतीने पंचायतीचे काम घेतले होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची अपात्रता कायम ठेवली. कारण गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे पतीच्या ठेक्यातल्या नफ्यात तिचा हिस्सा कायद्यानेच होता. म्हणजे महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे आणि पलीकडे तेच नाते, तेच काम, आणि निकाल मात्र विरुद्ध लागू शकतो. महाराष्ट्रात सरपंच पत्नी आणि ठेकेदार पती असेल, तरी तो पैसा तिच्यापर्यंत कसा येतो हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

महाराष्ट्राच्या याच ग्रामपंचायत अधिनियमात अतिक्रमणाचे कलम १४(१)(ज-३) आहे. त्याचा अर्थ लावताना जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कुटुंबाकडे पाहिले. कुटुंबातल्या कोणी सरकारी जागेवर अतिक्रमण केले असेल आणि सदस्य तिथेच राहून त्याचा उपभोग घेत असेल, तर ‘अतिक्रमण मी केलेले नाही’ हा बचाव चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सरकारी जागेवरच्या दोन खोल्यांसाठी कुटुंब एक मानायचे आणि लाखोंच्या ठेक्यासाठी मात्र नवरा-बायको वेगळे मानायचे, ही विसंगती विधिमंडळानेच दूर करायला हवी. ती दूर होईपर्यंत चौकशी करणाऱ्याने आहे त्या कायद्यात बसेल असा पुरावा जमवला पाहिजे.

त्यासाठी चौकशी माणसापासून सुरू करू नये. संशयित सदस्य ठरवून त्याचे नातेवाईक शोधत बसले की हाती फ्लेक्सचे फोटो, लग्नपत्रिका आणि ऐकीव गोष्टी येतात. सुरुवात देयकांपासून करावी. लागोपाठच्या तीन आर्थिक वर्षांत संस्थेने कोणाला, कधी, किती रक्कम आणि कोणत्या प्रमाणक (व्हाउचर) क्रमांकाने दिली, एवढी यादी आधी मिळवावी. ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाच्या निधीतला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, पण तेवढ्यावर थांबू नये. स्वनिधीचा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेल्या पैशाचा खर्च पंचायतीच्या दप्तरातच शोधावा लागतो, आणि छोट्या रकमांची वारंवार निघणारी बिले याच निधीतून निघतात: दिवाबत्तीचे साहित्य, मुरूम, जेसीबीचे तास, पाण्याचे टँकर, मोटार दुरुस्ती. त्यासाठी नमुना ५ ची रोकडवही आणि खर्चाची प्रमाणके पाहावी लागतात.

हे दप्तर पाहण्याची एक सोय अनेक नागरिक वापरतच नाहीत. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. अर्ज करून तीस दिवस वाट पाहण्याआधी दोन-तीन सोमवार दप्तर चाळावे, कोणते कागद खरोखर अस्तित्वात आहेत ते टिपून घ्यावे, आणि मग माहिती अधिकारात त्याच कागदांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, ही मर्यादा आहे. ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असा अर्ज नाकारला गेला तर दोष अर्जदाराचाच. देयकांच्या यादीसाठी एक अर्ज, एका विशिष्ट कामाच्या संपूर्ण निविदा नस्तीसाठी (फाइलसाठी) दुसरा आणि संबंधित सभांची सूचना, हजेरी व इतिवृत्त यांसाठी तिसरा, अशी विभागणी ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे. हे अपील चुकवणारा अर्जदार आपली निम्मी मेहनत वाया घालवतो.

यादी हाती आली की ती तारखेप्रमाणे न लावता पुरवठादाराच्या नावाप्रमाणे लावावी. पहिल्या दहा नावांत बहुतेक पैसा गेलेला असेल तर तीच नावे धरायची. नोंदणीकृत पुरवठादाराच्या प्रत्येक बिलावर जीएसटी क्रमांक असतो. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. त्यापुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची. संपूर्ण क्रमांकातले सहावे अक्षर हे पॅनमधले चौथे अक्षर असते आणि ते मालकीचा प्रकार सांगते: पी असेल तर व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. जीएसटी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यापारी नाव, कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता मिळतो. एकल मालकीच्या धंद्यात कायदेशीर नाव म्हणजे मालकाचेच नाव. ‘श्री साई कन्स्ट्रक्शन’ सारख्या पाटीमागची व्यक्ती इथे विनाशुल्क कळते. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर तो पुरवठादार नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याचे सांगतो आहे, असे धरावे आणि त्याला वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज त्या दाव्याशी जुळते का ते पाहावे.

भागीदारी फर्म असेल तर भागीदारी संस्था निबंधकांकडे जावे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६६ नुसार फर्मची नोंदवही शुल्क भरून कोणालाही पाहता येते. इथे तारखा बारकाईने वाचाव्यात. निवडणुकीचा अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी उमेदवार निवृत्त भागीदार होतो आणि त्याच्या जागी सून येते, असा निवृत्तीलेख नंतर दाखवला जातो. तो लेख खरोखर त्या दिवशी झाला होता की तक्रार आल्यावर मागची तारीख टाकून तयार केला, हे निबंधकांकडे बदलाची सूचना कधी पोहोचली, मुद्रांक कधी विकत घेतला आणि बँकेत सह्यांचे अधिकार कधी बदलले, या तीन तारखांवरून ठरते. बँकेचे कागद नागरिकाला मिळणार नाहीत. ते मागवण्याची विनंती सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी करावी. कंपनी असेल तर संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि वार्षिक विवरणपत्रे अल्प शुल्कात मिळतात. मजूर सहकारी संस्था असेल तर सभासद यादी आणि पदाधिकाऱ्यांची नावे सहायक निबंधकांकडून मागवावीत. मजूर संस्थांची कामे अनेकदा निविदेऐवजी कामवाटपातून येतात, त्यामुळे निविदा नस्ती शोधणाऱ्याच्या हाती तिथे काही लागत नाही.

निविदा किंवा दरपत्रकाची नस्ती वाचताना कागदांचे आपसातले साम्य बोलके असते. तीन दरपत्रके तीन दुकानांची, पण तिन्हींत ‘गॅल्व्हनाइज्ड’ची तीच चुकीची जोडाक्षरे, तिन्हींवर एकच तारीख, बयाणा रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच शाखेतून लागोपाठच्या क्रमांकांचे. पुरवठादाराच्या बिलांचे अनुक्रमांकही लिहून काढावेत. एप्रिलमध्ये बिल क्रमांक ११, जुलैमध्ये १२ आणि ऑक्टोबरमध्ये १३ असेल, आणि तिन्ही बिले याच पंचायतीची असतील, तर त्या दुकानाला दुसरे गिऱ्हाईकच नाही असा अर्थ निघतो. टँकर किंवा डंपरच्या बिलावरचा वाहन क्रमांक परिवहन विभागाच्या सेवेत टाकून वाहनाचा प्रकार पडताळावा. मालकाचे पूर्ण नाव तिथे झाकलेले असते, पण टँकर म्हणून दाखवलेले वाहन दुचाकी निघाले तर पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो. ई-निविदेच्या मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडले आहेत का, हे मोजमाप पुस्तकातल्या साखळी अंतरावरून दिसते: पहिले काम ० ते १२० मीटर, दुसरे १२० ते २४०, तिसरे २४० ते ३६०, आणि तिन्हींचे कार्यारंभ आदेश एकाच आठवड्यातले.

एवढे करून काय सिद्ध झाले? अनियमितता दिसली, हितसंबंध अजून सिद्ध झाला नाही. तक्रारदारांचा गोंधळ इथेच होतो. दरपत्रके बनावट असणे हा एक मुद्दा आहे आणि त्यात सदस्याचा हिस्सा असणे हा दुसरा. अपात्रतेच्या अर्जात दुसराच लागतो. त्यासाठी आर्थिक धागा दाखवणारे कागद शोधावे लागतात. फर्मचा जीएसटीतला पत्ता आणि नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीतले सदस्याच्या नावावरचे घर एकच आहे का? सदस्याच्या मालकीची जागा किंवा यंत्र फर्म भाड्याने वापरते का? सदस्याच्या निवडणूक शपथपत्रात त्या फर्मला दिलेले कर्ज किंवा तीत गुंतवलेली रक्कम दाखवली आहे का? शपथपत्रात जोडीदार आणि अवलंबितांची मालमत्ताही असते, आणि ते सदस्याने स्वतः शपथेवर लिहून दिलेले असल्याने त्याला नंतर नाकारता येत नाही. फर्मच्या वतीने मोजमाप पुस्तकावर सही कोणाची, कुलमुखत्यारपत्र कोणाच्या नावे, सुरक्षा अनामतीची पावती कोणाच्या खात्यातून? यातले एक जरी ठोस मिळाले, तरी ते शंभर लोकांच्या सह्यांच्या निवेदनापेक्षा जड भरते.

तिसरी बाजू निर्णयाची. सदस्य त्या सभेला हजर होता का, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे इतिवृत्तात असते. सभेच्या सूचनेतली विषयपत्रिका इतिवृत्ताशेजारी ठेवून वाचावी. वादग्रस्त ठेके मूळ विषयपत्रिकेत क्वचित दिसतात; ते ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या मथळ्याखाली येतात. ठरावाचे अक्षर, शाई, दोन ठरावांमध्ये कोंबलेल्या ओळी आणि हजेरीतल्या सह्यांचा क्रम पाहण्यासाठी मूळ वहीच डोळ्यांखालून घालावी. छायाप्रतीत हे दिसत नाही, म्हणून सोमवारची पाहणी टाळू नये.

शहरांत खरा पैसा ठेक्यांपेक्षा जमिनीत असतो. आरक्षण उठणे, रस्त्याची रेषा सरकणे, वापर बदलणे यांतून एका ठरावाने जमिनीची किंमत कैक पटींनी वाढते. महापालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये मात्र स्थावर मालमत्तेच्या खरेदी, विक्री किंवा भाडेपट्ट्यातला हिस्सा अपात्रतेतून वगळलेला आहे. त्यामुळे आरक्षण बदलण्याच्या आधी त्या गटात जमीन घेणारा नगरसेवक या कलमात सहजासहजी अडकत नाही. इथे चौकशी म्हणजे तारखांची रांग लावणे. एका स्तंभात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या विकास आराखड्यातील फेरबदलाचा पहिला प्रस्ताव केव्हा आला, सर्वसाधारण सभेचा ठराव केव्हा झाला, हरकतींची सूचना केव्हा निघाली. आणि दुसऱ्या स्तंभात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार नोंदी आणि नोंदणी विभागाची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) यांतल्या व्यवहारांच्या तारखा. प्रस्ताव कार्यालयात आल्यानंतर आणि तो जनतेला कळण्याच्या आधी झालेली खरेदी सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखी. नोंदणी न झालेली विसार पावती यात सापडणार नाही, पण पुढे त्या जागेवर प्रकल्प उभा राहिला की महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तक, भागीदार आणि जमीनमालक यांची नावे येतात. दोन-तीन वर्षे थांबायची तयारी असेल तर हा मार्ग फसत नाही.

आतापर्यंत निवडून आलेल्यांविषयी लिहिले. अधिकाऱ्यांना यातून सोडून चालणार नाही. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक आले आणि राज्यातल्या इतर कितीतरी संस्थांतही दीर्घ काळ तेच झाले. त्या काळात प्रस्ताव मांडणारी आणि मंजूर करणारी खुर्ची एकच होती, प्रश्न विचारणारे सभागृह नव्हते. एरवीही अंदाजपत्रक करणारा शाखा अभियंता, मोजमाप लिहिणारा, देयक तपासणारा लेखापाल आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचा दर निर्णयावर सदस्यापेक्षा जास्त प्रभाव असतो. राज्याच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत, आणि मालमत्तेची विवरणपत्रे त्यांना सादर करावी लागतात. पण ही विवरणपत्रे लोकांना दिसत नाहीत. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती वैयक्तिक ठरवली, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) आणखी रुंद केले. त्यात पूर्वी असलेली सार्वजनिक हिताची कसोटी काढून टाकली. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण तिचा आधार घ्यायचा तर अर्जदाराला युक्तिवाद मांडावा लागतो. म्हणून अधिकाऱ्याच्या घरादाराची माहिती मागत बसण्यापेक्षा व्यवहाराची माहिती मागावी: अंदाजपत्रक कोणी केले, दर विश्लेषण कोणत्या आधारावर, मुदतवाढीची शिफारस कोणी केली, दंड कोणी माफ केला. ही माहिती वैयक्तिक ठरत नाही.

ही कामे नीट करूनही प्रकरणे का हरतात? एकाच अर्जात बारा कामे, सात सदस्य आणि दोन अधिकारी गुंतवले जातात. सुनावणी पसरते आणि सदस्याची मुदत संपते. त्यापेक्षा सर्वांत भक्कम एक काम निवडावे. प्रती साक्षांकित नसतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपील करायला पंधरा दिवस असतात, ते निकालाची प्रत मिळवण्यातच जातात. तक्रारदार पराभूत गटाचा असतो आणि मध्येच तडजोड करून अर्ज मागे घेतो, म्हणून अर्जदार एकापेक्षा अधिक असावेत. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिलेली नसते. उरणच्या नगराध्यक्षांच्या पदच्युतीचे प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने ती पदच्युती रद्द केली. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढताना आरोप स्पष्ट, पुरावा पक्का आणि आदेश सकारण हवा, हे त्या निकालाने ठासून सांगितले. हे तत्त्व तक्रारदारांना जाचक वाटते. मला ते योग्य वाटते. गावच्या गटबाजीत अपात्रतेचा अर्ज हे सूड उगवण्याचे हत्यारही असते, आणि अशा खोट्या अर्जांत महिला सरपंच आणि राखीव जागेवरचे सदस्य हकनाक भरडले जातात. म्हणून काहीही प्रसिद्ध करण्यापूर्वी किंवा अर्ज दाखल करण्यापूर्वी त्या सदस्याला लेखी प्रश्न पाठवून उत्तरासाठी आठ-दहा दिवस द्यावेत. ‘ते काम घेताना मी निवडून आलो नव्हतो’ असे एका ओळीचे, तारखेने पडताळता येणारे उत्तर आले तर महिनाभराचा खटाटोप आणि एका माणसाची बदनामी दोन्ही वाचतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दीड हजार वस्तीच्या गावात निम्मे लोक एकमेकांच्या भावकीत असतात. तिथे नातेवाइकाला काम देऊच नये असा नियम केला, तर जेसीबी असलेला गावातला एकमेव माणूस कायमचा बाद होईल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर बंदीत नाही. ते जाहीर करण्यात आहे. आज कायद्यापुढे दोनच पर्याय आहेत: एक तर काहीच झाले नाही, किंवा पद गेले. शिक्षा इतकी टोकाची असल्यामुळे निर्णय देणारे शब्दांचा अर्थ अरुंद लावतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. मधली पायरी नसल्याने ही अडचण आहे.

ही मधली पायरी आपल्याच देशात दोन ठिकाणी आहे. राज्यसभेत नियम २९३ खाली सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तीत मोबदला मिळणारी संचालकपदे, नियंत्रक भागधारणा, सल्लागारी अशा पाच बाबी येतात. दुसरे ठिकाण खाजगी कंपन्यांचे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १८४ नुसार प्रत्येक संचालकाला दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत आपले हितसंबंध लेखी द्यावे लागतात, आणि ज्या करारात त्याचा हितसंबंध आहे तो विषय आला की सांगावे लागते. ‘नातेवाईक’ म्हणजे कोण याचीही यादी त्या कायद्यात ठरलेली आहे: जोडीदार, अविभक्त कुटुंबातले सदस्य, आई-वडील, मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई, भाऊ, बहीण. लाखभर भांडवलाच्या कंपनीच्या संचालकाला हे बंधन, आणि घरपट्टीच्या पैशातून कोट्यवधींची कामे मंजूर करणाऱ्या स्थायी समितीच्या सदस्याला अशी नोंदवही नाही, हे कोणत्याही तर्काने पटत नाही.

म्हणून ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका या तिन्ही अधिनियमांत एकच दुरुस्ती हवी. निवडून आल्यापासून तीस दिवसांत आणि पुढे दर एप्रिलमध्ये प्रत्येक सदस्याने, आणि देयक किंवा अंदाजपत्रकावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, स्वतःचे व कंपनी कायद्यातल्या यादीतल्या नातेवाइकांचे धंदे, फर्म, संचालकपदे आणि संस्थेच्या हद्दीतली जमीन नोंदवावी. रकमा किंवा बँक खाती लिहिण्याची गरज नाही; नाव, स्वरूप आणि गट क्रमांक पुरेत. नोंदवही सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर असावी. विषय आला की सदस्याने हितसंबंध सांगून सभागृहाबाहेर जावे आणि इतिवृत्तात तशी वेळेसह नोंद व्हावी. जाहीर केलेल्या हितसंबंधाबद्दल पद जाऊ नये. लपवलेल्या हितसंबंधाबद्दल मात्र, नफा झाला की नाही हे न पाहता, पहिल्या वेळी दंड आणि दुसऱ्या वेळी अपात्रता असावी. असे झाले की चौकशीत पैशाचा माग काढत बसण्याची गरज बऱ्याच अंशी संपते. नोंदवहीत नाव नाही आणि जीएसटीत आहे, एवढे दोन कागद पुरतात.

विधिमंडळाने हे करेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. निविदेच्या अटी संस्थेने ठरवायच्या असतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदाराचा जवळचा नातेवाईक संबंधित कार्यालयात अभियंता किंवा लेखापाल असेल तर त्याला तिथे निविदा भरता येत नाही, अशी अट पूर्वीपासून आहे. तशीच घोषणा नगरपरिषदेने आपल्या निविदेत आणि ग्रामपंचायतीने दरपत्रकाच्या मागणीत घालावी: पुरवठादाराचे मालक किंवा भागीदार कोण, त्यांचे कोणत्या सदस्याशी वा कर्मचाऱ्याशी नाते आहे, आणि घोषणा खोटी ठरली तर अनामत जप्त व देयक रोखले जाईल. यासाठी साधा ठराव पुरतो. ग्रामसभेत हा विषय मांडायचा असेल तर लेखी आणि वेळेआधी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो आणि ऐनवेळच्या विषयांत हरवत नाही.

राहिली एक अडचण, जी लहान पंचायतींत हमखास येईल. सात सदस्यांच्या पंचायतीत चार जण एकाच भावकीतले निघाले आणि चौघेही बाहेर गेले, तर गणपूर्तीच राहणार नाही. अशा वेळी उरलेल्या तिघांनी निर्णय घेऊ नये आणि चौघांनाही परत बोलावू नये. तो विषय तुलनात्मक तक्त्यासह ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, ग्रामसभेची शिफारस घ्यावी आणि अंतिम मंजुरी गटविकास अधिकाऱ्यांकडून यावी, अशी तरतूद दुरुस्तीच्या मसुद्यातच असायला हवी. ती नसेल तर ‘गणपूर्ती होत नाही’ या एका सबबीवर चौघेही पुन्हा सभागृहात येऊन बसतील.